सरोवराकांठची बालवीर-छावणी

छावणी हा शब्द उच्चारला कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें प्रथम सैन्य उभें राहतें. पेशवाईच्या कागदपत्रांत पावसाळा काढण्यासाठीं पडलेल्या छावण्या, इंग्रजी अमदानींतील लष्करी तळ, अगर दुष्काळाच्या सालीं गुरांसाठीं उघडलेल्या छावण्या, एवढाच त्या शब्दाचा आपला जुना परिवार. शाळेंत जाणाऱ्या मुलांनीं आठपंधरा दिवस घर सोडून पाण्याकांठीं तंबूंत राहावें, आपलें अन्न आपण शिजवावें, रात्रीं शेकोटीभोंवतीं बसून गोष्टी ऐकाव्या, आणि हें सर्व शिक्षणच होय असें वडील माणसांनीं मानावें, ही कल्पना आपल्याकडे विसाव्या शतकांत आली. आज ती इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिलाहि कांहीं इतिहास असेल, तिच्यावरून मोठीं माणसें भांडलीं असतील, कोणाचा मान हिरावला गेला असेल व कोणाचा विश्वासघातहि झाला असेल, हें सहसा मनांत येत नाहीं. अमेरिकेंतील एका सरोवराच्या कांठीं १९१० च्या ऑगस्ट महिन्यांत पडलेल्या एका लहानशा छावणीच्या निमित्तानें तो इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागांत, अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांच्या कुशींत, जॉर्ज सरोवर पसरलेलें आहे. त्याची लांबी सुमारें ३२ मैल, रुंदी मात्र १ ते ३ मैलांची. त्यामुळें नकाशांत तें सरोवरापेक्षां नदीसारखेंच दिसतें. दोन्ही बाजूंस झाडीनें भरलेले डोंगर, मधून मधून लहान बेटें, आणि पाणी अत्यंत निर्मळ. १६४६ मध्यें इसाक झोग नांवाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानें आपल्या धर्मांतील एका पवित्र संस्काराचें नांव त्यास दिलें. त्याच वर्षीं त्याचा त्या मुलखांत वध झाला. पुढें १७५५ मध्यें विल्यम जॉन्सन या इंग्रज सरदारानें तें नांव पुसून आपल्या राजाचें, म्हणजे दुसऱ्या जॉर्जचें, नांव त्याच पाण्यास दिलें. तेथें पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणाऱ्या व नावा चालविणाऱ्या मूळ रहिवाशांस या दोन्ही बारशांच्या वेळीं कोणी विचारलें नाहीं, हें सांगावयास नकोच.

या सरोवराच्या दक्षिण टोंकास विल्यम हेन्री नांवाचा किल्ला होता. १७५७ च्या ऑगस्टांत फ्रेंच सेनापति माँकाम यानें त्यास वेढा घातला. किल्ला खालीं झाल्यावर, मानानें बाहेर पडण्याचें अभय मिळालेल्या इंग्रज पक्षाच्या लोकांवर फ्रेंचांच्या बाजूच्या मूळ रहिवासी योद्ध्यांनीं हल्ला करून पुष्कळांस ठार मारलें अगर धरून नेलें. फेनिमोर कूपरची १८२६ सालची प्रसिद्ध कादंबरी याच घटनेवर उभारलेली आहे, आणि जगांतील लक्षावधि वाचकांस या सरोवराची ओळख आहे ती तिच्यामुळेंच. त्याच काळांत रॉबर्ट रॉजर्स या सेनानीच्या टेहळ्यांचें पथक या कांठानें वावरत असे. झाडींतून निःशब्द चालावें कसें, पावलाच्या ठशावरून शत्रूची संख्या ताडावी कशी, बर्फावरून सरकावें कसें, ही विद्या या लोकांनीं मूळ रहिवाशांपासून उचलली, आणि रॉजर्सनें तिचे नियम १७५७ मध्यें लिहूनहि काढले. सरोवराच्या उत्तर टोंकाजवळच्या एका प्रचंड कड्यास अद्यापि त्याचेंच नांव आहे.

इंग्रजींतील ‘स्काउट’ या शब्दाचा मूळ अर्थ हाच: सैन्यापुढें जाऊन बातमी आणणारा टेहळ्या. बहिर्जी नाइकाचें नांव ज्यांस ठाऊक आहे अशा महाराष्ट्रीयांस तो निराळा समजावून देण्याची गरज नाहीं. ज्या कांठावर टेहळणी म्हणजे मनुष्याची शिकार होती, त्याच कांठावर दीडशें वर्षांनंतर त्याच शब्दाच्या नांवाखालीं शाळकरी मुलें एकत्र आलीं, तीं मात्र पक्षी ओळखावयास, पोहावयास व एकमेकांस साहाय्य करावयास. शब्द तोच राहून त्याचा आशय असा पालटावा, हें कसें घडलें?

त्याचें पहिलें कारण शहरांची वाढ हें होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील शेतकऱ्यांचीं मुलें गिरण्या-कारखान्यांच्या गांवीं येऊन राहूं लागलीं, आणि बापाबरोबर रानांत हिंडून जें शिक्षण त्यांस आपोआप मिळत असे तें बंद पडलें. वाय्. एम्. सी. ए. या ख्रिस्ती तरुणसंघाच्या लोकांस ही उणीव प्रथम जाणवली. १८८५ मध्यें समनर डडली या गृहस्थानें न्यूयॉर्क राज्यांतीलच ऑरेंज नांवाच्या तळ्याकांठीं कांहीं मुलांस नेऊन राहविलें. ही छावणी पुढें शँप्लेन सरोवराकांठीं गेली व संस्थापकाच्या नांवानें शंभर वर्षांहून अधिक काळ अखंड चालत आली. छावणीस पाणी हवें, हा दंडक असा प्रथमपासूनच पडला. स्नान, पोहणें, होडी, मासेमारी, या सर्वांची सोय एके ठिकाणीं होते हें त्याचें व्यावहारिक कारण. परंतु शहरी मुलास पाण्याची भीति असते व ती जिंकल्यानें त्याच्या अंगीं आत्मविश्वास येतो, हेंहि या कार्यकर्त्यांनीं हेरलें होतें.

दुसरें कारण म्हणजे एक मनुष्य: अर्नेस्ट थॉम्पसन सीटन. याचा जन्म १८६० सालीं इंग्लंडांत झाला, बालपण कानडांत गेलें, आणि प्राण्यांचीं चित्रें काढणारा व त्यांच्या गोष्टी लिहिणारा म्हणून १८९८ नंतर त्याची अमेरिकेंत मोठी ख्याति झाली. पुस्तकांच्या उत्पन्नावर त्यानें कनेक्टिकट राज्यांत कॉस कॉब येथें रानाचा विस्तीर्ण तुकडा विकत घेतला, ओढ्यास बांध घालून तळें केलें, आणि भोंवतीं कुंपण घातलें. आजवर मोकळ्या असलेल्या त्या रानांत हिंडणाऱ्या गांवच्या मुलांस हें कुंपण खपलें नाहीं. त्यांनीं तें मोडलें, आणि फाटकावर वाईट चित्रें रंगविलीं. सीटननें तीं पुसून काढलीं. मुलांनीं पुनः काढलीं.

अशा वेळीं जमीनदार काय करतो हें सर्वांस ठाऊक आहे. सीटननें पोलिसांत वर्दी न देतां गांवच्या शाळेची वाट धरली, आणि १९०२ च्या ईस्टरच्या सुटींत त्या मुलांस आपल्या तळ्याकांठीं राहावयास येण्याचें आमंत्रण दिलें. त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणें त्याची अपेक्षा डझनभर मुलांची होती, आलीं ४२. प्रथम त्यांनीं मनसोक्त आरडाओरड केली, पोहून घेतलें, पोटभर खाल्लें. रात्रीं शेकोटी पेटल्यावर सीटननें मूळ रहिवाशांच्या शौर्याच्या गोष्टी सांगण्यास आरंभ केला. आणि मुलें मंत्रमुग्ध झाल्यावर हळूच असें सुचविलें कीं, आपणहि अशीच एक टोळी करूं, आपला नायक आपणच निवडूं व आपले नियम आपणच ठरवूं. नायक निवडला गेला तो साऱ्या दंगेखोरांचा म्होरक्या. परंतु ज्यानें कुंपण मोडलें होतें त्याच्याच हातीं रानाचें रक्षण आलें, आणि त्यानें तें चोख केलें.

आमच्या मतें बालवीर-चळवळीचें बीज या एका कृतींत आहे. बिघडलेला म्हणून ज्याची गणना झाली त्या मुलास दंड न करतां त्याच्यावर जबाबदारी टाकावी, हा सीटनचा सारा सिद्धान्त. त्यावरून त्यानें पुढें जी पद्धति बसविली तींत तीन तत्त्वें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. पहिलें, मुलांचें राज्य मुलांनींच चालवावें. वडील माणसानें मार्ग दाखवावा, हुकूम सोडूं नये. दुसरें, मानचिन्ह मिळावें तें ठरीव कसोटीस उतरल्याबद्दल, दुसऱ्यास हरविल्याबद्दल नव्हे. म्हणजे शंभर वृक्ष ओळखणाऱ्या प्रत्येकास पीस मिळावें, पहिल्या येणाऱ्या एकट्यासच नव्हे. परीक्षेच्या क्रमांकांनीं ज्यांचें बालपण कडू करून सोडलें आहे अशा आपल्या घरांतून या तत्त्वाचा विचार होणें अगत्याचें आहे. तिसरें तत्त्व शेकोटीचें: दिवसाच्या श्रमानंतर अग्नीभोंवतीं वर्तुळ करून बसलेल्या मुलांच्या मनांत जें उतरतें तें वर्गांतील बांकांवर उतरत नाहीं. वर्तुळांत कोणी पुढें नाहीं, कोणी मागें नाहीं. सर्वांस सर्वांचीं तोंडें दिसतात.

सीटननें आपल्या या योजनेचें पुस्तक १९०६ मध्यें इंग्लंडांत सर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांजकडे धाडलें, आणि त्याच वर्षाच्या शरद् ऋतूंत दोघांची लंडनमध्यें भेट झाली. बेडन-पॉवेल हे पेशानें सैनिक. उमेदवारीचीं वर्षें त्यांनीं हिंदुस्थानांत घोडदळांत काढलीं होतीं, आणि १८९९-१९०२ सालच्या बोअर युद्धांत मॅफेकिंग गांव २१७ दिवस लढविल्यामुळें ते इंग्लंडांतील मुलांचे लाडके वीर झाले होते. टेहळणीवर सैनिकांसाठीं त्यांनीं लिहिलेलें पुस्तक मुलेंच आवडीनें वाचतात असें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. १९०७ च्या ऑगस्टांत ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांची छावणी त्यांनीं भरविली. तींत श्रीमंतांच्या शाळांतील मुलें व कामकऱ्यांचीं मुलें मुद्दाम एकत्र ठेवलीं होतीं, आणि त्या काळच्या इंग्लंडांत ही गोष्ट लहान नव्हती. १९०८ मध्यें त्यांचें पुस्तक निघालें, व चळवळ वणव्यासारखी पसरली. आपल्या खेळांचा व कल्पनांचा त्यांत भरपूर उपयोग झाला असून ऋणनिर्देश मात्र अपुरा आहे, अशी सीटनची तक्रार होती. आणि दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून पाहिलीं असतां तिच्यांत तथ्य आहे असें म्हणावें लागतें. मात्र टोळीस लहान लहान गटांत विभागून प्रत्येक गट एका मुलाच्या हातीं देण्याची युक्ति, आणि मुलाच्या मनास भिडणारी सोपी, चुरचुरीत भाषा, हें बेडन-पॉवेल यांचेंच देणें होय.

फेब्रुवारी १९१० मध्यें शिकागोचे प्रकाशक विल्यम बॉइस यांनीं अमेरिकन बालवीर संस्थेची कायदेशीर नोंदणी केली. परंतु नोंदणी झाली म्हणजे संस्था झाली असें नव्हे. तिला हातपाय दिले ते वाय्. एम्. सी. ए. च्या मुलांच्या शाखेचे चिटणीस एडगर रॉबिन्सन यांनीं. त्यांनीं देशांतील निरनिराळ्या मंडळांस एकत्र आणलें, आणि सीटनला अध्यक्षस्थानीं बसविलें. इंग्रजी पुस्तक व सीटनचें पुस्तक यांची सांगड घालून एक घाईचें हस्तपुस्तक तयार झालें. आतां कागदावरची ही योजना प्रत्यक्ष मुलांवर उतरवून पाहणें बाकी होतें. त्यासाठीं जॉर्ज सरोवराच्या पश्चिम कांठावरील सिल्व्हर बे ही जागा निवडण्यांत आली. वाय्. एम्. सी. ए. च्या उन्हाळी परिषदा तेथें भरतच असत; तेव्हां जागा, पाणी, होड्या व कार्यकर्ते यांची सिद्धता होती.

ऑगस्टच्या उत्तरार्धांत सुमारें दोन आठवडे तेथें तंबू राहिले. सीटन, रॉबिन्सन, जॉन अलेक्झांडर वगैरे मंडळी मुलांसमवेत होती. बालवीर संस्थेच्या नांवानें अमेरिकेंत भरलेली ही पहिली छावणी होय. पुढें देशभर जिचें अनुकरण झालें ती दिनचर्या या प्रयोगांतून आकारास आली: सकाळीं पाणी, मग रानांतलीं कामें, दोरीच्या गांठी, जखमेस पट्टी बांधण्याचे पाठ, आणि अंधार पडल्यावर शेकोटी. काड्यापेटीवांचून, लांकडावर लांकूड घासून, अग्नि पेटविण्यांत सीटनचा हात धरणारा क्वचित् सांपडे. आपल्या यज्ञांतील अरणीमंथन ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या प्रकाराचें नवल वाटणार नाहीं. परंतु शहरांत वाढलेल्या मुलास आपल्याच तळहाताच्या बळानें ठिणगी पडलेली पाहून काय वाटत असेल, याची कल्पना करावी. विल्यम हेन्री किल्ल्याच्या कत्तलीस त्याच महिन्यांत १५३ वर्षें पुरीं झालीं होतीं.

पुढच्याच महिन्यांत बेडन-पॉवेल न्यूयॉर्कला आले. त्यांच्या सन्मानार्थ झालेल्या भोजनप्रसंगीं सीटननें त्यांचा चळवळीचे जनक म्हणून गौरव केला. तेव्हां ते नम्रपणें म्हणाले कीं, या मुलाचे जनक पुष्कळ आहेत, आपण नुसते एक काका. आमच्या इतिहासांत नारायणरावाच्या काकांनीं त्या नात्यास जो लौकिक मिळवून दिला आहे तो सीटनला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. सभेंत टाळ्या पडल्या. परंतु मुलगा कोणाचा हा तंटा मात्र मिटला नाहीं.

१९११ मध्यें संस्थेचें कार्यवाहपद जेम्स वेस्ट या वकिलाकडे आलें, आणि पुढें ३२ वर्षें, म्हणजे १९४३ पर्यंत, तें त्यांच्याकडेच होतें. सीटनच्या चाहत्यांनीं वेस्टला रुक्ष कारकून म्हणून रंगविलें आहे. इतिहासानें अधिक न्याय केला पाहिजे. वेस्टचा बाप त्याच्या जन्मापूर्वींच वारला, आई क्षयानें गेली, आणि सहा वर्षांचें हें पोर अनाथाश्रमांत पडलें. त्याचा पाय दुखे, तेव्हां आळशी म्हणून त्यास बोल लागत; अखेर अस्थिक्षय आहे असें निघालें व जवळजवळ दोन वर्षें त्यास रुग्णालयांत खिळून पडावें लागलें. एक पाय कायमचा अधू झाला. असा मनुष्य स्वकष्टानें वकील होतो आणि आयुष्य मुलांच्या कामीं लावतो, तेव्हां कागदपत्रांच्या चोखपणावर त्याची श्रद्धा कां, हेंहि समजून घ्यावें लागतें. ज्यास रानांत धांवतां येत नव्हतें त्यानें रानाचे हिशेब ठेवले. त्यानेंच संस्थेस पैसा, शिस्त आणि १९१६ मध्यें अमेरिकन विधिमंडळाची सनद मिळवून दिली. बालवीरांच्या नियमांत शौर्य, शुचिता व श्रद्धाशीलता या तीन गुणांची भर त्याच्या वेळीं पडली, आणि श्रद्धाशीलतेंत दुसऱ्याच्या धर्माचा आदरहि अंतर्भूत केला गेला.

परंतु शिस्तीची व हिशेबाची वाट सीटनच्या शेकोटीजवळून जात नव्हती. त्यास लष्करी ढंग खपत नसे. युरोपांत महायुद्ध पेटल्यावर संस्थेच्या पुष्कळ धुरीणांस तोच हवासा वाटूं लागला. सीटन अद्यापि ब्रिटिश प्रजाजन होता. अमेरिकन मुलांचा नायक परकी नागरिक कसा, हा प्रश्न पुढें आला, आणि १९१५ मध्यें त्याचें ‘मुख्य बालवीर’ हें पद गेलें. त्यानें वर्तमानपत्रांतून वाद घातला, वेस्टनें उलट उत्तर दिलें. मूल आपण जन्मास घातलें, बेडन-पॉवेल यांनीं त्याचा बोलबाला केला आणि वेस्टनें त्याचा जीव घेतला, असा सीटनच्या तक्रारीचा मथितार्थ. १९२६ मध्यें संस्थेनें त्यास आपलें मोठें मानचिन्ह अर्पण केलें. १९३१ मध्यें तो अमेरिकन नागरिक झाला, आणि १९४६ मध्यें न्यू मेक्सिकोंतील आपल्या वसाहतींत वारला.

येथवर ज्यांचीं नांवें आलीं ते सर्व गोरे. परंतु ज्यांची विद्या या छावणींत शिकविली जात होती त्या मूळ रहिवाशांचें काय? सीटनच्या मनांत त्यांच्याविषयीं निस्सीम आदर होता यांत शंका नाहीं. तरीहि शेकोटीभोंवतीं गोरीं मुलें डोक्यांत पिसें खोवून ‘इंडियन’ बनत होतीं, त्याच वर्षांत खऱ्या इंडियनांचीं मुलें पेनसिल्व्हेनियांतील कार्लाइलसारख्या निवासी शाळांतून अगदीं उलट शिक्षण घेत होतीं. कार्लाइलची शाळा १८७९ पासून १९१८ पर्यंत चालली. तेथें येणाऱ्या मुलाचे लांब केस कापीत, नांव बदलीत, आणि स्वभाषेचा शब्द उच्चारण्याची त्यास बंदी असे. जें एकास सुटींतील मौज म्हणून शिकवावयाचें तेंच दुसऱ्याच्या अंगांतून रानटीपणा म्हणून काढून टाकावयाचें, असा हा विलक्षण न्याय होता.

दोन्ही बाजू ज्यानें पाहिल्या असा एक पुरुष या चळवळींत होता. चार्ल्स ईस्टमन, डाकोटा नांव ओहियेसा. १८५८ मध्यें त्याचा जन्म झाला, पंधरा वर्षांपर्यंत तो आपल्या जमातींत रानांत वाढला. मग शाळा, डार्टमथ कॉलेज, आणि १८९० मध्यें बॉस्टन येथील वैद्यकीय पदवी. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वुंडेड नी येथें अमेरिकन फौजेनें त्याच्या लोकांची कत्तल केली. तरुण डॉक्टर ईस्टमन जखमींची शुश्रूषा करीत होता, आणि तिसऱ्या दिवशीं बर्फाखालीं कोणी जिवंत सांपडतें कीं काय हें पाहावयास तो स्वतः त्या मैदानावर गेला. याच मनुष्यानें पुढें बालवीरांच्या कार्यास हातभार लावला आणि १९१४ मध्यें त्यांच्यासाठीं रानविद्येचें पुस्तक लिहिलें. १९१५ पासून न्यू हॅम्पशर राज्यांतील ग्रॅनिट सरोवराच्या कांठीं त्यानें व त्याची पत्नी एलेन गुडेल हिनें मुलींसाठीं उन्हाळी छावणी चालविली. घरच्या मुलीहि कामास असत. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत त्यांतील आयरीन ही मुलगी मरण पावली. १९२१ मध्यें पतिपत्नी विभक्त झालीं. आपल्या पूर्वजांची विद्या फी घेऊन परक्यांच्या लेकींस शिकविण्याची पाळी ज्याच्यावर आली, त्यानें ती कडवटपणा न दाखवितां शिकविली. सरोवरांकांठच्या या इतिहासांत आम्हांस सर्वांत उदात्त वाटतो तो हा मनुष्य.

कोण वर्तुळाच्या आंत व कोण बाहेर, हा प्रश्न आमच्या देशांतहि उपस्थित झाला. १९०९ मध्यें कॅप्टन बेकर यांनीं बंगळूर येथें पहिलें बालवीर पथक काढलें, तें युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांचें. हिंदी मुलांस प्रवेश नव्हता. टेहळणी शिकलेला हिंदी मुलगा उद्यां काय करील, ही भीति सरकारच्या मनांत होती. तेव्हां हिंदी पुढाऱ्यांनीं आपल्या शेकोट्या आपण पेटविल्या. १९१३ मध्यें शाहजहानपूर येथें श्रीराम वाजपेयी यांनीं पथक उभारलें. १९१६ मध्यें मद्रासेंत अ‍ॅनी बेझंट व अरुंडेल यांनीं स्वतंत्र संस्था काढली. आणि अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखालीं सेवा समितीचे बालवीर निघाले. कुंझरू हे नामदार गोखले यांनीं १९०५ मध्यें पुण्यास स्थापिलेल्या भारत-सेवक समाजाचे सदस्य व पुढें अध्यक्ष. म्हणजे या कार्याचा एक धागा पुण्यापर्यंत येऊन पोंचतो. १९२१ मध्यें बेडन-पॉवेल हिंदुस्थानांत आले, तेव्हां बेझंटबाईंची संस्था मूळ चळवळींत विलीन झाली. सेवा समिति मात्र दूरच राहिली. पुढें १९३७ मध्यें हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयीं बेडन-पॉवेल यांनीं काढलेल्या अनुदार उद्गारांनीं मनें दुखावलीं, आणि पुढील वर्षीं हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निघालें. हे निरनिराळे प्रवाह एकत्र आले ते स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजीं, भारत स्काउट व गाइड या संस्थेंत. ज्या सरकारनें मुलांवर विश्वास टाकला नाहीं त्यानें चळवळीचे तुकडे केले, असेंच या चाळीस वर्षांचें तात्पर्य निघतें.

विश्वासाची ही एक बाजू झाली. दुसरी अधिक दुःखाची आहे, आणि ती टाळून हा लेख संपविणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. मूल वडील माणसावर विश्वास टाकतें, तेव्हां त्या माणसानें काय करावें? अमेरिकन संस्थेच्या छावण्यांतून व पथकांतून कांहीं नायकांनीं मुलांवर लैंगिक अत्याचार केले, आणि अशा नायकांच्या नोंदी संस्थेनें आपल्या दप्तरांत कित्येक दशकें गुप्त ठेविल्या. गोष्ट न्यायालयांत गेली. फेब्रुवारी २०२० मध्यें संस्थेनें दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ८२,००० हून अधिक लोकांनीं आपणांवर बालपणीं अत्याचार झाल्याचे दावे दाखल केले. त्यांच्या भरपाईसाठीं सुमारें २४६ कोटि डॉलरांची योजना ठरून ती २०२३ मध्यें अंमलांत आली. आपल्या वांट्याची रक्कम उभी करण्यासाठीं अनेक स्थानिक मंडळांस छावण्यांच्या जमिनी विकाव्या लागल्या. ज्या पाण्याकांठीं पिढ्यांनीं पोहण्याचे धडे घेतले तें पाणी असें परक्याच्या हातीं गेलें. जुने बालवीर त्याबद्दल हळहळतात, तें साहजिक आहे. परंतु पाणी गेलें त्यापूर्वींच कांहीं मुलांचें बालपण तेथें गेलें होतें, हें विसरतां येत नाहीं. त्यापूर्वींच, २०१८-१९ पासून, मुलींसहि या संस्थेंत प्रवेश मिळाला होता, आणि २०२५ मध्यें संस्थेनें आपलें नांवहि बदललें.

येथें एक प्रश्न विचारला जाईल. सीटनचा मार्ग विश्वासाचा, वेस्टचा नोंदींचा. मग अखेर विश्वासानेंच घात केला असें म्हणावयाचें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नोंदी होत्या, दप्तरांत नांवें होतीं, परंतु त्यांचा उपयोग मुलांच्या रक्षणापेक्षां संस्थेचें नांव जपण्याकडे झाला. सीटननें मुलांवर विश्वास टाकला तेव्हां स्वतःचें फाटक धोक्यांत घातलें होतें. मुलांचें कांहीं धोक्यांत घातलें नव्हतें. विश्वासाची खरी परीक्षा हीच. तो टाकणाऱ्यानें जोखीम आपल्या शिरावर घेतली पाहिजे, दुबळ्याच्या शिरावर नव्हे. वेस्टच्या चोख दप्तरावर हीच दृष्टि असती तर तें मुलांचें कवच झालें असतें. विश्वास व दक्षता यांचें वैर नाहीं. मुलांस मोकळीक द्यावी व मोठ्या माणसांवर डोळा ठेवावा, एवढाच त्यांचा मेळ आहे. पुष्कळ ठिकाणीं नेमका याचा उलटा प्रकार चालतो.

आपल्याकडे आतां उन्हाळ्याच्या सुटींत मुलांच्या शिबिरांचा सुकाळ झाला आहे. धरणांच्या जलाशयांकांठीं, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, तंबू, दोर व होड्या सज्ज असतात, आणि सुशिक्षित घरांतून मुलांस तेथें धाडण्याची हौसहि वाढली आहे. हौस चांगली आहे. परंतु फी व सोयी विचारतांना आईबापांनीं आणखी दोन गोष्टी विचाराव्या. तेथें मुलांस स्वतः कांहीं ठरवूं देतात काय? आणि तेथील मोठ्या माणसांस कोणी जाब विचारतो काय? या दोन्ही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी आलें तर मुलास खुशाल जाऊं द्यावें.

सिल्व्हर बे येथील वाय्. एम्. सी. ए. चें केंद्र अद्यापि चालूं आहे, आणि उन्हाळ्यांत तेथें कुटुंबें व तरुण मंडळी येतात. सरोवरास आजहि त्या इंग्रज राजाचेंच नांव आहे, टेहळ्यांच्या नायकाचा कडा उत्तरेस उभा आहे, आणि दक्षिणेस त्या किल्ल्याची नव्यानें बांधलेली प्रतिकृति प्रवासी पाहून जातात. दोन आठवडे राहून गेलेल्या मुलांनीं कांठावर तसें कांहीं मागें ठेविलें नाहीं. तथापि कोठेंहि एखादा शिक्षक दंगा करणाऱ्या मुलास शिक्षा न करतां त्याच्या हातीं एखादें काम सोंपवितो, तेव्हां तो १९०२ मध्यें त्या तळ्याकांठीं घालून दिलेल्या धड्याचीच पुनरावृत्ति करीत असतो.